डॉ. अँड्र्यू बेल आणि त्यांचा आठ वर्षांचा साहाय्यक

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या विद्यापीठनगरीत दि. २७ मार्च १७५३ रोजी एका न्हाव्याच्या घरी अँड्र्यू बेल यांचा जन्म झाला. तिकडे धंद्याला जातीचे बंधन नव्हते. तरी वस्तरा चालविणाऱ्याच्या मुलाकडून कोणी मोठ्या विद्येची अपेक्षा करीत नसे. अशा घरातील हा मुलगा पुढे सहस्रावधी शाळांचा प्रवर्तक झाला. त्याच्या कार्याचे बीज आपल्याच देशाच्या मातीत सापडले, म्हणून त्याचे चरित्र नाभिक समाजाच्या या स्मरणिकेत देणे उचित वाटते.

गावच्याच विद्यापीठात बेल यांनी गणित व पदार्थविज्ञान या विषयांत प्रावीण्य मिळविले. १७७४ साली ते अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात गेले व तेथे एका मळेवाल्याच्या मुलांना शिकवू लागले. १७८१ साली ते स्वदेशी परतले, पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि १७८७ साली मद्रासला (आजच्या चेन्नईला) आले.

तेथे एग्मोर येथे गोऱ्या सैनिकांच्या अनाथ व निराधार मुलांसाठी एक आश्रम निघाला. १७८९ साली त्याची देखरेख बेल यांच्याकडे आली. या कामाचे वेतन त्यांनी घेतले नाही. परंतु शिकवावयास चांगली माणसे मिळेनात. जी मिळत ती अल्प वेतनामुळे निरुत्साही असत. थोडी तयार झाली की अधिक पगाराच्या नोकरीवर निघून जात. वर्ग भरत, पण मुले पुढे सरकत नसत.

एके दिवशी सकाळी घोड्यावरून फेरफटका मारीत असता बेल यांना एक देशी शाळा दिसली. तमिळ मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे काढीत होती. कागद नाही, शाई नाही, पाटी नाही. चुकले की हात फिरवावा आणि पुन्हा लिहावे. हा खर्चाविना चालणारा मार्ग त्यांच्या मनात भरला. आश्रमात परतताच त्यांनी सर्वांत खालच्या वर्गाला वाळूवर मुळाक्षरे शिकविण्याची आज्ञा केली. शिक्षकांना ती रुचली नाही. काही दिवसांनी, हे होणे शक्य नाही, असे त्यांनी सांगून टाकले.

बेल यांनी वाद घातला नाही. आश्रमात जॉन फ्रिस्कन नावाचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याचा बाप फौजेतील साधा शिपाई. मुलगा हुशार आणि सांगितलेले मनापासून करणारा होता. बेल यांनी त्यालाच त्या वर्गावर नेमले. वर्गात अक्षरशत्रू बालके, त्यांच्याहून थोडासाच मोठा त्यांचा गुरू, आणि ज्या कामापुढे पगारी शिक्षकांनी हात टेकले होते तेच त्याच्यापुढे. फ्रिस्कनने ते सहज करून दाखविले. काल-परवा आपण स्वतः कोठे अडखळलो होतो हे त्याला आठवत होते. मोठ्यांना त्याचा विसर पडला होता.

मग बेल यांनी सारी शाळाच या तत्त्वावर उभी केली. पुढे गेलेला विद्यार्थी मागच्याला शिकवी. शिकविणारा वाळूत बोटाने अक्षर काढी, शिकणारा त्यावरून बोट फिरवी, आणि वाळू सारखी केल्यावर तेच अक्षर आपल्या मनाने काढी. अपराधांची नोंद एका वहीत होई आणि आठवड्याअखेर मुलांचेच पंच न्याय करीत; छडीचे काम त्यामुळे कमी झाले.

१७९६ साली बेल यांनी मद्रास सोडले व पुढील वर्षी या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडात ही पद्धत मद्रास पद्धत याच नावाने ओळखली जाई. १८११ साली तेथे स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने तिचा स्वीकार केला आणि बेल यांच्या निधनसमयी तिच्या शाळांची संख्या सुमारे १२,००० झाली होती.

चरित्रकाराने दोषही झाकू नयेत. जोसेफ लँकास्टर यांनी लंडनमध्ये अशीच पद्धत चालविली होती. तिचा आद्य जनक कोण यावरून दोन पक्षांत दीर्घकाळ कटू वाद झाला. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसू लागल्याने पुष्कळ ठिकाणी पाठांतर उरले व समज मागे पडली. याहून खेदाची गोष्ट अशी की, गरिबांच्या सर्वच मुलांना लेखन आणि गणित शिकविण्याची गरज नाही, असे मत बेल यांनी एके काळी मांडले. न्हाव्याच्या ज्या मुलाला गणितानेच वर आणले, त्याने इतरांसाठी ते दार अर्धवट लोटावे, हे मनाला लागते. वर चढलेल्या माणसाने मागच्यांसाठी शिडी जपली पाहिजे, हा बोध आपण त्यातून घ्यावा.

दि. २७ जानेवारी १८३२ रोजी बेल यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांनी सुमारे १,२०,००० पौंड शिक्षणासाठी ठेवले. त्यातून सेंट अँड्र्यूज येथे निघालेल्या शाळेचे नाव मद्रास कॉलेज असे आहे. त्याच निधीतून १८७६ साली एडिंबरो व सेंट अँड्र्यूज येथील विद्यापीठांत शिक्षणशास्त्राची अध्यासने निर्माण झाली.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेतही धूळपाटीवर धुळाक्षरे गिरविली जात आणि मोठी मुले लहानांना शिकवीत. आपल्या घरांतून आज मुले-मुली उच्च शिक्षण घेत आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास तरी वस्तीतील लहान मुलाजवळ बसावे. पदवी हाती येईपर्यंत त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. फ्रिस्कनजवळ कोणतीच पदवी नव्हती. त्याच्यावर कोणीतरी विश्वास मात्र टाकला होता. तो विश्वास टाकणे हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम आहे.