परळचा हाफकिन

परळला टाटा हॉस्पिटलच्या जवळ ‘हाफकिन’ची पाटी आहे. मला कित्येक वर्षं ते औषधाच्या कंपनीचं नाव वाटायचं! पण हा माणूस होता. वाल्डेमार हाफकिन, जन्म १८६०, ओडेसाचा. पॅरिसला त्याने कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९२ साली आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये तो भारतात आला. छावण्यांतल्या सैनिकांनीही ती लस घेतली.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागेत, तीन महिन्यांत त्याने लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई पुन्हा स्वतःलाच, मग भायखळा जेलमधल्या कैद्यांना. १८९९ मध्ये लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली.

आणि १९०२ मध्ये घात झाला. पंजाबात मुल्कोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका परळच्या लॅबवर आला, हाफकिनचं पद गेलं. खरं तर तिथे बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. म्हणजे गडबड प्रॉडक्टमध्ये नव्हती, हँडलिंगमध्ये होती! धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. अस्वच्छ ब्लेडने नाळ कापली, तर तान्ह्या बाळालाही तोच रोग होतो.

एवढं मान्य व्हायला १९०७ उजाडलं, तेही रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्याच्यासाठी भांडले म्हणून. परळची खुर्ची मात्र परत मिळाली नाही, त्याला कलकत्त्याला पाठवलं.

१९२५ मध्ये लॅबला त्याचं नाव दिलं. तोवर तो कधीच युरोपात परतला होता. १९३० साली तो लोझानला वारला.