गोसेवेला शास्त्राची जोड देणारे मणिभाई

पुणे-सोलापूर रस्त्याने दौंड, इंदापूर किंवा बारामतीकडे जाताना गोठ्यांत काळ्या-पांढऱ्या संकरित गाई सर्रास दिसतात. बारामती एमआयडीसीत दुधावर प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्पही उभा आहे. पुणे जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात दूध हे उत्पन्नाचे हुकमी साधन बनले, त्यामागे ज्या थोड्या लोकांची दूरदृष्टी होती त्यांत डॉ. मणिभाई देसाई यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. ते मूळचे ना महाराष्ट्राचे, ना पशुवैद्यकाचे पदवीधर.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी शेतकरी कुटुंबात झाला. विज्ञानाचे शिक्षण घेत असतानाच ते स्वातंत्र्य चळवळीकडे ओढले गेले. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटकेनंतर त्यांनी सेवाग्रामची वाट धरली. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी निसर्गोपचाराच्या प्रयोगासाठी उरुळी कांचनला आले. गांधीजी काही दिवसांत पुढे गेले. मणिभाई मात्र तेथेच राहिले. आजन्म अविवाहित राहून त्यांनी उरुळी हीच आपली कर्मभूमी मानली.

तेव्हाचे उरुळी म्हणजे पाण्याची टंचाई आणि दारिद्र्य यांनी ग्रासलेले गाव. परभाषिक तरुणाकडे गावकऱ्यांनी प्रथम संशयानेच पाहिले. निसर्गोपचार आश्रमाची घडी बसवताना मणिभाईंनी शाळा, शेती आणि गोपालन ही कामेही हाती घेतली. गाईंविषयी त्यांना फारशी माहिती नव्हती. पुस्तके वाचून आणि गोठ्यात स्वतः राबून त्यांनी हे शास्त्र आत्मसात केले व आश्रमात जातिवंत गीर गाईंचा नावाजलेला कळप उभा केला.

मात्र आश्रमातील चार चांगल्या गाईंनी गावाचे दारिद्र्य हटणार नव्हते. शेतकऱ्याच्या दावणीची गावठी गाय दिवसाला जेमतेम एक-दोन लिटर दूध देई आणि वर्षातील बराच काळ भाकड असे. जी गाय मालकाला पोसत नाही, तिला मालकही फार काळ पोसू शकत नाही, हे वास्तव मणिभाईंनी ओळखले. गाय वाचवायची तर ती किफायतशीर झाली पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी या विदेशी जातींशी गावठी गाईंचा संकर करण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. परंपरेने गोसेवा करणाऱ्या अनेकांना हे रुचणारे नव्हते. पण ते मागे हटले नाहीत.

या कामासाठी १९६७ मध्ये ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ म्हणजेच ‘बायफ’ची स्थापना झाली. गाय माजावर असते ती जेमतेम दिवसभर. तेवढ्या वेळात तिला दूरच्या केंद्रापर्यंत चालवत नेणे जिकिरीचे. त्यामुळे उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपलेले गोठित रेत घेऊन तंत्रज्ञच शेतकऱ्याच्या दारी जाऊ लागला. संकरित कालवड लवकर वयात येई आणि कितीतरी पट अधिक दूध देई. चाऱ्यासाठी सुबाभळीचा प्रसार, लाळ-खुरकत रोगावरील लस यांकडेही संस्थेने लक्ष दिले. पुढे गुजरातमधील वांसदा भागात आदिवासींसाठी फळबागांचा ‘वाडी’ कार्यक्रम सुरू झाला.

१९६८ मध्ये ‘पद्मश्री’ आणि १९८२ मध्ये लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार देऊन त्यांचा गौरव झाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

संकरित गाईंना उन्हाचा ताप आणि गोचिडांचा त्रास अधिक होतो, त्यांना वैरण व औषधोपचारही जास्त लागतात, वशिंड नसल्याने त्यांचे खोंड औताला फारसे उपयोगी पडत नाहीत आणि देशी वंशाकडे दुर्लक्ष होते, असे आक्षेप घेतले जातात. त्यांत तथ्य आहेच. देशी गोवंशाच्या जतनाकडे ‘बायफ’नेही पुढे लक्ष पुरवले. तरीही पावसाने पाठ फिरवलेल्या वर्षी पीक हातचे गेले, तरी दुधाचे बिल असंख्य घरांची चूल पेटती ठेवते. गाईवरील श्रद्धेला हिशेबाची आणि शास्त्राची जोड दिली, हेच मणिभाईंचे मोठेपण.