त्र्यंबकनिवासी सद्गुरु श्रीनिवृत्तिनाथ महाराज

ज्ञानेश्वर माउलींचे चरित्र वारकऱ्याला सांगायला नको, ते त्याला पाठ असते. पण त्याच चरित्रात पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे उभे असलेल्या निवृत्तिनाथांचे चरित्र वेगळे काढून सांगा म्हटले, की आपल्यातले भले भले टाळकरीसुद्धा दोन गोष्टी सांगून थांबतात. एक वाघाची आणि दुसरी मांड्यांची. दोन्ही गोड आहेत आणि त्या आम्हीही सांगणार आहोत. परंतु निवृत्तिनाथांनी केले ते एवढेच नव्हे. शेकडो वर्षे गुहेत, कानात आणि एकाच शिष्याला सांगितली जाणारी विद्या त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती गावाच्या देवळात, मराठी बोलीत, जो येऊन बसेल त्याच्यापुढे मांडायला लावली. आम्हांस तर वाटते, की वारकरी पंथाची मोकळीक इथूनच सुरू झाली.

घराणे गोदाकाठच्या आपेगावचे, पैठणजवळचे कुळकर्णी. परंपरा असे सांगते की पणजोबा त्र्यंबकपंतांवर गोरक्षनाथांची कृपा होती आणि आजोबा गोविंदपंत व आजी निराबाई यांना गहिनीनाथांचा उपदेश होता. म्हणजे नाथांचा वारसा घरात आधीपासून होता. वडील विठ्ठलपंत, आई आळंदीच्या सिधोपंतांची कन्या रुक्मिणीबाई. विठ्ठलपंतांनी काशीत संन्यास घेतला, गुरूंनी त्यांस परत संसारात धाडले, आणि नंतर ही चार लेकरे झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. रूढ मतानुसार निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ च्या माघ वद्य प्रतिपदेचा. त्यांच्या पाठोपाठ दोन दोन वर्षांच्या अंतराने ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई. दुसऱ्या एका गणनेने ही वर्षे थोडी मागे जातात, आणि जन्मस्थान आपेगाव की आळंदी हा वादही जुनाच आहे. तो आम्ही इथे उकरीत नाही.

संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकले. मुंज नाही, पाणवठ्यावर जागा नाही, कोणाच्या ओटीवर बसणे नाही. थोरल्या मुलाला अशा वेळी काय सोसावे लागते ते घरात थोरले असलेल्यांनाच विचारा. धाकट्यांना निदान कळत तरी नसते.

अशा स्थितीत विठ्ठलपंत कुटुंबासह त्र्यंबकेश्वरी येऊन राहिले. नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी. याच डोंगरावर गोदामाय उगम पावते, खाली कुशावर्तात दिसते, मग नाशिक करून पुढे पैठण-आपेगावाकडे जाते. ज्या नदीच्या काठी या घराण्याच्या पिढ्या नांदल्या, तिच्याच मुळाशी ही मंडळी आली. विठ्ठलपंत अनुष्ठान म्हणून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत. आपल्यापैकी ज्यांनी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी केली आहे त्यांना ही वाट ठाऊक आहे. आज लाखो पावले पडतात तरी पावसात तिथे पाय ठरत नाही. तेव्हा तर घनदाट रान होते. एके रात्री वाटेत वाघ आला. सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. पुन्हा जमले तेव्हा निवृत्ति नाही. आईबापांनी हाका मारून डोंगर घुमवला, पण पोर सापडेना.

पोर एका गुहेत शिरले होते आणि आत गहिनीनाथ बसलेले होते. सात दिवस निवृत्ति तिथे राहिला. आठव्या दिवशी आईबापांपुढे आला तो त्यांचाच मुलगा, पण आता दुसऱ्याच कोणाचा तरी झालेला.

त्या गुहेत काय दिले गेले? इथे जरा थांबले पाहिजे, कारण आमच्या बऱ्याच माळकरी बंधूंना नाथपंथ म्हणजे कानफाटे गोसावी एवढेच माहीत असते. नाथांची विद्या योगाची. देहातल्या नाड्या, चक्रे, निजलेली कुंडलिनी, ती जागी कशी करायची आणि तिला वर कशी न्यायची, मन आणि प्राण एकत्र कसे आणायचे, हा तिचा विषय. ती पोथीत मोकळेपणी लिहीत नसत. लिहिली तरी कोड्यांच्या भाषेत, वाचणाऱ्याला काही उमगू नये अशी. गुरूने शिष्याला वर्षानुवर्षे पारखायचे आणि मग कानात सांगायचे. आदिनाथ म्हणजे प्रत्यक्ष शंकर, त्यांच्यापासून मत्स्येंद्र, मत्स्येंद्रांपासून गोरक्ष, गोरक्षांपासून गहिनी, असे हे धन हातोहात आले. याला लपवाछपवी म्हणू नये. चुकीच्या माणसाच्या हाती ते गेले तर त्याचाच घात होईल ही भीती खरी होती. पण परिणाम असा झाला की ज्याला घर आहे, बैल आहेत, चूल आहे, त्याच्या वाट्याला यातले काही येण्याची सोय उरली नाही.

गहिनीनाथांनी निवृत्तींना ही विद्या तर दिलीच, पण बरोबर श्रीकृष्णाची उपासना दिली. त्र्यंबकासारख्या शैव क्षेत्रात, शंकराच्या परंपरेतल्या जोग्याने गोकुळीचा कृष्ण द्यावा, हे पाहण्यासारखे आहे. निवृत्तिनाथांचे अभंग काढून पाहा. योगाची खूण आहे, गहिनी-गोरक्षांचे नाव वारंवार आहे, आणि त्याच ओळींत गोकुळ, गाई, नंदाचे अंगण. हरि आणि हर यांचे भांडण आपल्या पंथात का नाही, याचे एक मूळ या गुहेत आहे असे आम्ही मानतो.

आणखी एक गोष्ट गहिनीनाथांनी सांगितली. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव ती नोंदवून ठेवतात. कलीने गिळलेल्या जिवांची सोडवणूक कर, हे घेऊन लवकर त्यांच्याकडे धाव, असा तिचा आशय. म्हणजे विद्या दिली ती जपून ठेवायला नव्हे. आता विचार करा. ज्या मुलाला गावाने वेदाचे अक्षर ऐकायला अपात्र ठरवले होते, त्याच्या हाती सर्वांत जपलेले धन आले. त्याने ते मुठीत धरून ठेवले असते, आपल्याला लोटणाऱ्या गावाला लोटून गुहेतच राहिला असता, तर कोण नावे ठेवणार होते? तो परत आला. ते धन त्याने प्रथम धाकट्या भावाला दिले, पुढे सोपान-मुक्ताईंनाही ते पोहोचले.

पुढे प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी प्रयागी देह ठेवला. मुले पोरकी झाली. शुद्धिपत्रासाठी पैठणास जावे की न जावे यावर भावंडांत झालेले बोलणे नामदेवरायांनी वर्णिले आहे. आपल्या स्वरूपाला जात नाही, कुळ नाही, मग शुद्धि कशाची, असे निवृत्तिनाथांचे म्हणणे. ज्ञानदेव म्हणाले की लोकांत राहायचे तर शास्त्राची रीत पाळावी. आणि गुरूने शिष्याचे ऐकले! थोरल्या भावाचे मन मोठे असले म्हणजे घर कसे चालते ते यात दिसते. पैठणचा रेड्याचा प्रसंग सर्वश्रुत आहे. तिथून मंडळी प्रवरेकाठी नेवाशास आली. तो गाव आज अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे.

नेवाशास शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. खांबाला टेकून ज्ञानदेव बोलत आणि सच्चिदानंद बाबा लिहून घेत. समोर निवृत्तिनाथ बसलेले. गीतेवर बोल अशी आज्ञा त्यांची. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे वर्णन आहे ते मूळ गीतेच्या श्लोकांत तसे नाही. ती नाथांची खूण आहे, आणि ती तिथे भर सभेत, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत उघडी झाली. निवृत्तिनाथांची संमती नसती तर ज्ञानदेवांच्या तोंडून त्यातला शब्द निघाला नसता.

ज्ञानेश्वरी सावकाश वाचणाऱ्यास निवृत्तिनाथांचा स्वभावही सापडतो. ज्ञानदेव गुरुस्तुतीत रमतात, उपमांवर उपमा देत सुटतात, तेव्हा निवृत्तिनाथ त्यांस आवरतात आणि स्तुति पुरे, श्लोकाकडे ये, असे सुचवतात. आपली स्तुति ऐकताना कंटाळणारा गुरु! आमच्या काळात असा सापडला तर आम्हांला कळवा. ग्रंथाच्या शेवटी पसायदान मागितले जाते आणि मिळाल्याचेही सांगितले जाते. ते देणारे निवृत्तिनाथच, असे सांगणारे कीर्तनकार पुष्कळ आहेत. ज्ञानदेव तर स्वतःला निवृत्तिदास म्हणवतात.

गीतेवर टीका झाली, पण ती दुसऱ्याच्या शब्दांच्या आधाराने झाली. आता तुझा स्वतःचा अनुभव सांग, असे निवृत्तिनाथांनी म्हटले आणि अमृतानुभव झाला. दहा प्रकरणे, सुमारे ८०० ओव्या. चांगदेवांचे कोरे पत्र आले तेव्हाही उत्तर लिहिण्याची आज्ञा त्यांचीच, त्यातून पासष्टी निघाली. असे पाहिले तर माउलींच्या प्रत्येक मोठ्या ग्रंथाच्या उंबऱ्यावर हे उभे आहेत. त्यांचे स्वतःचे अभंग आहेत, हरिपाठ आहे. निवृत्तिसार, उत्तरगीताटीका असे काही ग्रंथही त्यांच्या नावावर सांगतात, पण त्यांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. आम्हांस त्याची फारशी रुखरुख वाटत नाही. कारण त्यांनी जे लिहवून घेतले ते आपल्या पारायणात आहेच.

आता मांडे. दिवाळीचे दिवस होते, निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली, तर विसोबा चाटीने कुंभारांना दम भरून ठेवलेला. लेक रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि मुक्ताईने त्यावर मांडे भाजले. ही कथा नेहमी ज्ञानदेवांच्या सामर्थ्याची म्हणून सांगतात. आम्हांला तिच्यात आधी दिसतो तो ब्रह्मज्ञानी थोरला भाऊ, ज्याला सणाला मांडे खावेसे वाटतात आणि जो ते बहिणीला सांगतो. आईविना वाढणाऱ्या घरात दिवाळी तरी अशीच मागून घ्यावी लागते. त्याच विसोबांचे पुढे विसोबा खेचर झाले आणि नामदेवरायांचे ते गुरु, हेही विसरू नये.

इ.स. १२९६ च्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि रामदेवराव यादवांचे राज्य हादरले. त्याच वर्षी, शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, आळंदीत ज्ञानदेवांनी समाधि घेतली. शिष्याचा हात धरून गुरूने त्यांस आत नेले, बाहेर येऊन शिळा लावली. त्या दिवशी सर्वांत अधिक व्याकुळ झाले ते निवृत्तिनाथ, असे नामदेवराय आपल्या समाधीच्या अभंगांत सांगतात. इतरांनी समजूत घालावी तर ज्ञान सांगायचे कोणाला? ज्ञान देणाऱ्यालाच? ज्याने देह खोटा म्हणून शिकवले, तो त्या देहासाठी रडला. हे लपवावेसे नामदेवरायांना वाटले नाही, आम्हांलाही वाटत नाही.

महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सासवडला सोपानदेव गेले. उरले दोघे. पुढच्या वैशाखात तापीकाठी मेहूणजवळ वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. तिथि वद्य द्वादशी, शके १२१९. आठ महिन्यांच्या आत तिन्ही धाकटी भावंडे गेली, आणि ज्याने सर्वांना सांभाळायचे तो एकटा मागे राहिला. तापीवरून निवृत्तिनाथ त्र्यंबकाला आले आणि जेमतेम महिन्याने, ज्येष्ठ वद्य पक्षात, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्यांनी समाधि घेतली. कोणी एकादशी मानतात, कोणी द्वादशी. वय चोविसाव्या वर्षात. ज्या डोंगरात ते हरवले होते तोच हा डोंगर.

त्र्यंबकला जाणारा पुष्कळदा ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतो, कुशावर्तात स्नान करतो, नारायण-नागबळी उरकतो आणि नाशिकची गाडी पकडतो. समाधिमंदिर तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे, तेवढे राहून जाते. माळ घातलेल्याने तरी असे करू नये. पौष वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते. कडाक्याची थंडी असते, तरी खानदेशातून आणि नाशिक जिल्ह्याच्या गावोगावांतून दिंड्या पायी येतात.

आणि ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास नाथांची पालखी पंढरीस निघते. नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा अशी वाट. आळंदीहून ज्ञानदेव, सासवडहून सोपानदेव, तापीकाठाहून सर्वांत लांबची मजल मारून मुक्ताई, आणि त्र्यंबकाहून निवृत्तिनाथ, असे चौघेही वाखरीला येतात. पंढरीहून नामदेवरायांची पालखी सामोरी येते. मग एकेक पालखी पुढे होते आणि ज्ञानदेव सर्वांच्या मागून येतात.