पाच डॉलरची गोधडी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अथेन्स शहराजवळ, २९ ऑक्टोबर १८३७ रोजी हॅरिएट पॉवर्स जन्मली ती गुलाम म्हणूनच. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा ती लेकुरवाळी बाई होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. मुक्त झालेल्यांच्या चुलीवर पुढे काय शिजत होते, हे मात्र हॅरिएटच्या आयुष्यात पाहावे लागते.

नवरा आर्मस्टेड, नऊ मुले, चार एकर जमीन आणि हातात सुई. माणसांचे, प्राण्यांचे आकार कापडातून कापून तिने गोधडीवर शिवले आणि बायबलच्या कथा मांडल्या. आफ्रिकेतील दाहोमी राज्यात, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये, फोन कारागीर राजांसाठी असेच कापड करीत. सिंह, शार्क ही तिथल्या राजांची चिन्हे. हे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. कागदी पुरावा मागणाऱ्यांना विचारावेसे वाटते, माणसे विकणाऱ्यांनी त्यांच्या हातातल्या कलेची नोंद कशाला ठेवली असती?

१८८६ च्या कापूस मेळ्यात ही गोधडी जेनी स्मिथ या गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने पाहिली, विकत मागितली. हॅरिएटने कोणत्याही किमतीला नकार दिला. चार-पाच वर्षांनी घरात चणचण आली तेव्हा तीच गोधडी घेऊन गेली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. देण्याआधी तिने एकेका चित्राचा अर्थ सांगितला, तो स्मिथबाईंनी लिहून घेतला. नंतरही ती आपली गोधडी पाहायला त्यांच्या घरी जात राहिली. विकलेल्या लेकराला भेटायला जावे तशी.

दुसऱ्या गोधडीत पंधरा चित्रे आहेत. बायबलच्या शेजारी १८३३ चा उल्कावर्षाव आहे, तिच्या जन्माआधीचा, म्हणजे ऐकून जपलेला. जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळालेली बेट्स नावाची डुकरीणही आहे. स्वतंत्र वृत्तीची! काहींना त्यात पळून गेलेले गुलाम दिसतात. आम्हालाही दिसतात.

१ जानेवारी १९१० रोजी ती वारली. पहिली गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, दुसरी बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात. तिला मात्र जवळजवळ शतकभर निरक्षर ठरवले गेले. २००९ मध्ये तिच्या १८९६ च्या पत्राची प्रत उजेडात आली. आपण वाचायला कसे शिकलो, हे तिने त्यात सांगितले आहे, आणखी काही गोधड्यांचीही माहिती दिली आहे. त्या गोधड्या अजून सापडलेल्या नाहीत.