नेटवर्कचा मास्तर : रिचर्ड स्टीव्हन्स

हॉस्टेलमध्ये लिनक्स टाकणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी एक अशी रात्र असतेच. बाहेर नवी मुंबईचा धो धो पाऊस, जुन्या पीसीत नवं नेटवर्क कार्ड बसवलंय, केबल लावलीय, हिरवा दिवाही लुकलुकतोय, पण नेट काही चालत नाही! मी मोबाईलवर शोधून कमांडमागून कमांड मारत होते. शेवटी शेजारच्या रूममधल्या सीनियरने एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. त्या पुस्तकाच्या लेखकाची ही गोष्ट.

विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९५१ रोजी आफ्रिकेत, आजच्या झांबियातल्या लुआन्श्या गावी झाला. वडील तांब्याच्या धंद्यात, त्यामुळे घराचं बिऱ्हाड सारखं पाठीवर. १९७३ साली मिशिगन विद्यापीठातून त्यांनी डिग्री घेतली, ती चक्क एरोस्पेस इंजिनिअरिंगची! (ब्रँच चुकली म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) १९७५ पासून ते अ‍ॅरिझोनातल्या किट पीक वेधशाळेत प्रोग्रामर होते. तिथेच युनिक्सशी गाठ पडली. नोकरी सांभाळून १९८२ मध्ये पीएच.डी.सुद्धा केली.

१९८० च्या दशकात आपल्या मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी टेलिफोन लाइनवरून एकमेकांना ईमेल पाठवायला लागल्या होत्या. पण नेटवर्क नीट शिकायचं कुठून? माहिती मॅन्युअलमध्ये इकडेतिकडे विखुरलेली. १९९० साली स्टीव्हन्स यांचं ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ आलं आणि विद्यार्थ्यांना मास्तर मिळाला.

त्यांची पद्धत साधी होती. नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं. ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’च्या पहिल्या खंडात (१९९४) त्यांनी तारेवरून जाणारी पॅकेट्स पकडून छापली. दुसऱ्या खंडात (१९९५) गॅरी राइट यांच्याबरोबर बीएसडी युनिक्सचा सुमारे १५,००० ओळींचा कोड उलगडला. पुस्तकाची पानंसुद्धा ते स्वतःच ट्रॉफमध्ये जुळवायचे.

त्या रात्री मला कळलं की कार्ड चालू करणं म्हणजे जादू नाही, पायऱ्या आहेत. आधी कर्नलला कार्डाचा ड्रायव्हर मिळाला पाहिजे, मग इंटरफेसला नाव, मग पत्ता आणि नेटमास्क, शेवटी गेटवेचा रूट. एकेक पायरी तपासली. माझा मास्क चुकला होता! त्यामुळे गेटवे आपल्या नेटवर्कबाहेरचा ठरत होता आणि रूट लागतच नव्हता. मास्क सुधारला, पिंगला उत्तर आलं, आणि आम्ही दोघी ओरडलो. आज आयएफकॉन्फिगची जागा आयपी कमांडने घेतली आहे, पण पायऱ्या त्याच आहेत.

१ सप्टेंबर १९९९ रोजी स्टीव्हन्स गेले. वय फक्त ४८. ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ची नवी आवृत्ती तीन खंडांची व्हायची होती. दोन आले, तिसरा राहिला तो राहिलाच. २००० साली युसेनिक्स संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला. पुढे इतरांनी त्यांची पुस्तकं सुधारून चालू ठेवली.

ज्यांना आपण कधी भेटलो नाही, ते आपल्याला रात्री दोन वाजता शिकवून जातात! आता कार्ड रुसलं की मी कमांड कॉपी करत नाही, आधी पायरी शोधते. तुम्हीही लायब्ररीत जाऊन ते जाडजूड पुस्तक एकदा हातात घ्या. घाबरू नका, मास्तर समजावून सांगतात.