प्राथमिक शाळा आणि तिचा परिवार : सयाजीराव गायकवाड

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या शिक्षणकार्याची चर्चा बहुधा दोन सनांपाशी येऊन थांबते. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि १९०६ साली ही सक्ती संपूर्ण संस्थानात लागू झाली. हिंदुस्थानात असा प्रयोग पूर्वी झालेला नसल्यामुळे या सनांना महत्त्व येणे स्वाभाविक आहे. तथापि सयाजीरावांचे वेगळेपण केवळ कायद्यात नाही. मुलाला शाळेत आणून बसविले म्हणजे तो शिकला असे होत नाही, ही जाणीव त्यांना पुढे होत गेली आणि तिच्यातून प्राथमिक शाळेभोवती पूरक विषयांचा व साहाय्यक सोयींचा एक परिवार उभा राहिला. त्यांच्या चरित्राचा हा भाग तुलनेने दुर्लक्षित आहे.

त्यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. मूळ नाव गोपाळराव. गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील हे कुटुंब शेतीवर जगणारे होते. १८७५ साली ब्रिटिश सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि महाराणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतले. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते व शालेय शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. पुढील सहा वर्षांत एलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा, इतिहास, गणित, घोडेस्वारी व व्यायाम असा भरगच्च अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे पाठ दिले. १८८१ च्या अखेरीस राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. शिक्षण म्हणजे माणसाच्या सर्व शक्तींना मिळणारे वळण, ही त्यांची धारणा या अनुभवाशी सुसंगत होती.

पूरक विषयांपैकी पहिला आधार संगीताला मिळाला. १८८६ साली बडोद्यात मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपविण्यात आली. घराण्याच्या चौकटीत बंदिस्त असलेली विद्या वर्गात बसवून, स्वरलिपीच्या आधारे आणि छापील पाठ्यपुस्तकांतून शिकविता येते, हे या शाळेने दाखविले. दरबारी गायकाची कला सामान्य घरातील मुलापर्यंत पोचण्याची वाट त्यामुळे खुली झाली. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. त्याने चित्रकला, सुतारकाम, रंगकाम इत्यादी विषयांना देशी भाषेच्या माध्यमातून प्रतिष्ठा दिली.

सक्तीच्या कायद्याने नवा प्रश्न निर्माण केला. १९०६ च्या कायद्यात मुलांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० ही वयोमर्यादा होती. ज्या वयात सयाजीरावांच्या हाती पाटी आली, त्याच वयात त्यांच्या प्रजाजनांचा मुलगा शाळेतून मोकळा होत असे. घरी पुस्तक नाही, गावात वाचनाचे निमित्त नाही, अशा स्थितीत शिकलेली अक्षरे काही वर्षांत विसरली जात. अमेरिकेच्या प्रवासात पाहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांना या प्रश्नाचे उत्तर दिसले. १९१० साली त्यांनी न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. बोर्डन १९१३ पर्यंत राहिले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह देऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभारण्यात आले. तेथे बालविभाग निघाला व ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, या तत्त्वावर गावोगाव ग्रंथालये निघाली. जेथे तेही शक्य नव्हते तेथे लाकडी पुस्तकपेट्या रेल्वेने जात. चित्रदर्शन शाखेचे लोक जादूचा कंदील घेऊन खेड्यांत फिरत. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने हे कार्य गुजराती लोकजीवनात रुजविले.

ग्रंथालयांना पुस्तके हवीत. म्हणून गुजराती व मराठीत सुबोध पुस्तके व भाषांतरे करून घेण्यासाठी निधी बाजूला काढला गेला, आणि श्रीसयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला या मालांतून ती प्रसिद्ध होऊ लागली. मराठीभाषी राजा आणि बहुसंख्य गुजरातीभाषी प्रजा यांच्या या संस्थानात दोन भाषांचे नवे वाचक प्राथमिक शाळेमुळे घडत होते. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला या घटनेची नोंद घ्यावी लागेल.

साहाय्यक सोयींची खरी कसोटी मात्र अस्पृश्य व आदिवासी मुलांच्या बाबतीत लागली. सोनगड परिसरातील आदिवासी मुलांसाठी वसतिगृह निघाले. अंत्यज शाळांत शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, तेव्हा बहुधा मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०८ साली पंजाबातून आलेल्या आत्माराम अमृतसरी यांनी या शाळांची व वसतिगृहांची व्यवस्था हाती घेतली. तरीही शाळा वेगळ्याच राहिल्या. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना त्याच शहरात राहायला जागा मिळू शकली नाही. शिष्यवृत्ती राजाच्या हातात होती, शेजार नव्हता.

दुसरी मर्यादा दंडाची. मूल गैरहजर राहिल्यास पालकाला दंड होई आणि त्याचा भार शेतात मुलाच्या श्रमाची गरज असलेल्या गरिबावरच अधिक पडे. सक्ती सर्वत्र एकाच वेळी पोचली, ग्रंथालय व वसतिगृह मात्र टप्प्याटप्प्याने, काही ठिकाणीच पोचले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकामागे बडोद्याचे उदाहरण होते. १९१२ साली ते फेटाळले गेले. पुढील काळात या उदाहरणातून सक्तीचा मुद्दाच अधिक उचलला गेला, तिच्या भोवतीचा परिवार मागे पडला.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गाणे, चित्र, पुस्तक आणि वसतिगृह या शाळेच्या शोभेच्या गोष्टी नसून गरीब मुलाचे शिक्षण टिकण्याच्या अटी आहेत, हे त्यांनी अनुभवातून ओळखले होते. त्या अटी साऱ्या प्रजेसाठी पुऱ्या करणे त्यांना साधले नाही. परंतु शिक्षणाचे मोजमाप पटावरील संख्येवर थांबू नये, हा विचार त्यांच्या कारकिर्दीने प्रत्यक्ष कारभारात आणून दाखविला.