सेठ ग्रीन आणि माशांच्या अंड्यांचा हिशेब

मुलांनो, शेकडेवारी शिकताना सेठ ग्रीन यांची ओळख करून घ्याच. 1817 साली अमेरिकेत रॉचेस्टरजवळ जन्म, धंदा मासेविक्रीचा. कॅनडात एकदा झाडावर बसून त्यांनी सामन मासे अंडी कशी घालतात आणि इतर मासे ती कशी फस्त करतात, हे निरखून पाहिलं. पुढे 1864 मध्ये न्यूयॉर्क राज्यात कॅलेडोनियाला त्यांनी मत्स्यबीज केंद्र काढलं.

खरी कसोटी लागली 1867 मध्ये, होल्योकला कनेक्टिकट नदीवर. तिथला शॅड मासा (आपल्या हिलसाच्या कुळातला बरं का!) कमी होत चालला होता. ट्राउटची पद्धत वापरली, तर अंडी नासली. मग ग्रीननी जाळीच्या तळाची लाकडी पेटी नदीत तरंगत ठेवली, तीही जराशी तिरकी. त्यामुळे प्रवाह तळातून शिरून अंडी हलती ठेवायचा. 10,000 पैकी सातच अंडी वाया गेली, असं सांगतात. करा गणित: 99.93 टक्के!

एवढी अंडी मोजायची कशी, असं विचाराल. एका छोट्या मापात किती मावतात ते मोजायचं आणि एकूण मापांनी गुणायचं. मात्र अंडी दरवेळी सारख्या आकाराची नसतात, म्हणून प्रत्येक खेपेला नमुना नव्याने मोजायचा.

1871 मध्ये शॅडची सुमारे 12,000 पिल्लं दुधाच्या कॅनमधून, रेल्वेने, ग्रीन कॅलिफोर्नियाला घेऊन गेले. सॅक्रामेंटो नदीत सुमारे 10,000 जिवंत सोडली. टक्के तुम्हीच काढा. 1888 मध्ये ग्रीन वारले. त्या नदीत शॅड आजही आहे.